घराण्याचा बांधा आणि अंगमेहनत

लठ्ठपणा घराण्यातून येतो की सवयीतून, हा वाद वऱ्हाडात तरी नवा नाही. ‘आमच्या घराण्यातच अंग आहे’, ‘त्याला नुसती हवासुद्धा अंगी लागते’ आणि ‘बैठं काम लागलं अन् पोट सुटलं’ ही तिन्ही विधाने एकाच पारावर, बहुधा एकाच माणसाबद्दल, ऐकू येतात आणि ती परस्परविरोधी आहेत असे बोलणाऱ्यांपैकी कुणालाही वाटत नाही. विशेष असे की गेल्या वीस वर्षांत जनुकशास्त्राने या विषयात जे काही शोधून काढले, त्यापुढे या तिन्हींपैकी एकही विधान पूर्णपणे खोटे ठरलेले नाही. खोटी ठरली ती फक्त ‘हे की ते’ अशी विचारणा. शरीराचा कल वंशातून येतो, पण तो कल किती प्रकट होईल हे पुष्कळ अंशी त्या शरीराच्या वाट्याला किती हालचाल येते यावर अवलंबून असते, असे आता बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पेढी नदीच्या काठी असलेले वलगाव उर्वरित महाराष्ट्राला मुख्यत्वे संत गाडगेबाबांच्या निर्वाणामुळे ठाऊक आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी येथेच त्यांनी देह ठेवला. एरवी पऱ्हाटी (कापूस), तूर आणि सोयाबीन यांच्या शेतीवर चालणाऱ्या वऱ्हाडातील गावांपैकीच ते एक, आणि अशा गावांच्या जीवनात शरीरश्रमाची जागा गेल्या दोन पिढ्यांत जितकी बदलली तितकी त्याआधीच्या कित्येक पिढ्यांत बदलली नसेल. वखरणी, डवरणी आणि निंदण ही तीन कामे पूर्वी पावसाळ्याचे महिनेच्या महिने माणसाला शेतात चालत किंवा वाकलेले ठेवत. आता वखराच्या जागी ट्रॅक्टर आला, निंदणाचा बराच भाग तणनाशकाच्या फवारणीने खाल्ला, शेतात जायला मोटरसायकल झाली आणि पाणी विहिरीवरून डोक्यावर न येता नळाने घरात आले. कापसाची वेचणी तेवढी अजून हातानेच होते. कमरेला फडके बांधून ओळीने सरकणारी बाई फुटलेल्या बोंडातून बोटांच्या एका हिसक्यात सरकी-रुई बाहेर काढते, ती कमरेच्या झोळीत टाकते, झोळी भरली की बांधावरच्या ढिगावर रिती करून पुन्हा वाकते. मजुरी किलोवर ठरत असल्यामुळे संध्याकाळी काट्यावर वजन होईपर्यंत हात थांबत नाही. तिच्याच घरातला मुलगा तालुक्याच्या गावी दुकानात किंवा संगणकापुढे बसलेला असतो. दोघांची जनुके निम्मी सारखी, आणि दिवस मात्र एकमेकांशी जराही न जुळणारे.

या दोन दिवसांचा त्या सामाईक जनुकांवर काय परिणाम होतो, हे समजण्यासाठी प्रथम वंशाचा वाटा किती, हे पाहावे लागते. वजन किती आहे हे उंचीच्या संदर्भात मोजण्यासाठी बीएमआय, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, वापरला जातो. जुळी भावंडे आणि कुटुंबे यांच्या अभ्यासांतून असे दिसते की एखाद्या समाजात माणसामाणसांत बीएमआयचा जो फरक आढळतो त्यातील साधारण ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिक फरकांशी जोडता येतो. याचे सर्वांत ठसठशीत प्रात्यक्षिक कॅनडातील क्वेबेक येथे क्लोद बुशार यांनी केले आणि १९९० मध्ये प्रसिद्ध केले. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या देखरेखीखाली वसतिगृहात ठेवून त्यांना आठवड्यातील सहा दिवस, असे एकूण ८४ दिवस, गरजेपेक्षा रोज १००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या गेल्या. जादा अन्न सर्वांना तेवढेच मिळाले, पण कुणाचे वजन सव्वाचार किलोंनी वाढले तर कुणाचे तेरा किलोंहून अधिक; आणि एका जोडीतील दोघे भाऊ मात्र एकमेकांच्या बरेच जवळ राहिले. ‘त्याला खाल्लेलं अंगी लागतं’ या म्हणण्याला प्रयोगशाळेतला पुरावा मिळाला तो हा. त्याच गटाने १९९४ मध्ये याची दुसरी बाजूही दाखवली: आहार न बदलता सात जोड्यांकडून सुमारे शंभर दिवसांत सायकलीवर भरपूर व्यायाम करवून घेतला, तेव्हा सरासरी ५ किलो वजन घटले, पण कुणाचे अवघे एक किलो आणि कुणाचे आठ, आणि येथेही भाऊ भावासारखाच वागला. अर्थात अंगी लागणे जसे वंशातून येते तसे उतरणेही.

हा वारसा एखाद्या एकट्या जनुकात साठवलेला नसतो. भूक शमल्याची खूण मेंदूला देणारे लेप्टिन हे संप्रेरक जन्मतःच न बनणे, यांसारखे एका जनुकातील बिघाडाने होणारे लठ्ठपणाचे प्रकार आहेत खरे, परंतु ते फार दुर्मीळ. बहुसंख्य माणसांच्या बाबतीत जनुकसंहितेत शेकडो ठिकाणी असलेले एका अक्षराएवढे लहान फरक, ज्यांना सोयीसाठी पाठभेद म्हणता येईल, थोडा थोडा भार टाकतात. त्यांपैकी सर्वांत ठळक पाठभेद एफटीओ नावाच्या जनुकात २००७ मध्ये सापडला. युरोपीय वंशाच्या सुमारे ३९ हजार लोकांच्या तपासणीत असे दिसले की ज्यांना आई आणि वडील दोघांकडूनही धोक्याची प्रत मिळाली त्यांचे वजन, ज्यांना एकही मिळाली नाही त्यांच्यापेक्षा सरासरी ३ किलोंनी जास्त होते. ‘सर्वांत ठळक’ म्हटलेल्या जनुकाचा भार अवघा तीन किलो, ही गोष्ट घराण्याला दोष देऊन मोकळे होणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. हा पाठभेद नेमके काय करतो याविषयी दोन धागे पुढे आले आहेत. धोक्याची प्रत असलेली मुले दाट कॅलरींचे अन्न अधिक खातात, म्हणजे प्रश्न पचनाचा नसून भुकेचा आणि तृप्तीचा आहे, असे मुलांवरील अभ्यासांत दिसले. तर २०१५ मध्ये असे दाखवण्यात आले की एफटीओतील हा फरक शेजारच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जनुकांना चालना देतो आणि त्यामुळे मेदपेशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्च करण्याऐवजी साठवण्याकडे वळतात.

व्यायामाचा प्रश्न येथेच उभा राहतो. धोक्याची प्रत अंगात असताना माणूस भरपूर हालचाल करीत असेल, तर ते तीन किलो तरीही चढतात काय?

पहिले चांगले उत्तर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर येथे राहणाऱ्या आमिश लोकांकडून मिळाले. धर्मश्रद्धेने मोटारगाडी आणि वीज यांपासून दूर राहणारा, घोड्यांनी शेती करणारा हा समाज. आजच्या वऱ्हाडापेक्षा पन्नास वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडाशी त्याचे अधिक जमले असते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ७०४ जणांच्या अंगावर हालचाल मोजणारे यंत्र सात दिवस रात्रंदिवस बांधले गेले. कमी हालचाल करणाऱ्या गटात एफटीओचा परिणाम स्पष्ट दिसला. जास्त हालचाल करणाऱ्या गटात तो जवळजवळ पुसला गेला. या दोन गटांतील अंतर रोजच्या सुमारे ९०० कॅलरींचे, म्हणजे झपझप चालणे, बागकाम, झाडलोट यांसारखी मध्यम श्रमाची कामे तीन ते चार तास करण्याएवढे होते. हा आकडा शहरी वाचकाला हबकवणारा आहे. सकाळचा अर्धा तास फिरून येणारा माणूस आमिश शेतकऱ्याच्या आसपासही पोहोचत नाही, आणि वेचणीच्या हंगामातील मजूर बाई मात्र न ठरवता पोहोचते.

तथापि एका लहान समाजावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. म्हणून २०११ मध्ये तुओमास किल्पेलाइनेन आणि अनेक देशांतील त्यांचे सहकारी यांनी २ लाख १८ हजार प्रौढ आणि १९ हजार मुले यांच्याविषयीची माहिती एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला. बैठा व्यवसाय असलेले आणि फावल्या वेळात आठवड्याला तासभरही हालचाल न करणारे ते ‘निष्क्रिय’, बाकीचे सारे ‘सक्रिय’, अशी अगदी ढोबळ विभागणी त्यात होती, आणि एवढ्या ढोबळ विभागणीतही एफटीओमुळे वाढणारी लठ्ठपणाची शक्यता सक्रिय प्रौढांत २७ टक्क्यांनी कमी आढळली. त्याआधीच्या वर्षी इंग्लंडमधील नॉरफक परगण्यातील वीस हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात एकट्या एफटीओऐवजी बारा पाठभेदांचा एकत्रित भार पाहिला गेला होता. तेथे सक्रिय जीवनाने तो भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. मुलांमध्ये असा परिणाम मोठ्या अभ्यासात दिसला नाही, आणि तो का दिसला नाही याची अनेक कारणे संभवतात: मुले एकूणच अधिक हलती असतात, आणि त्यांची हालचाल प्रश्नावलीत पकडणे कठीण असते.

२७ टक्के किंवा ४० टक्के म्हणजे शंभर नव्हेत, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. व्यायामाने वंश पुसला जात नाही. त्याची धार बोथट होते. पण या आकड्यांचा खरा अर्थ त्यांच्या आकारात नसून त्यांच्या दिशेत आहे, आणि तो सर्वसामान्य समजुतीच्या नेमका उलट आहे. ज्याच्या घराण्यात अंग आहे त्याने व्यायाम करून काय उपयोग, असे मानले जाते. प्रत्यक्षात हालचालीचा लाभ सर्वाधिक त्यालाच होतो, कारण ज्याच्याकडे वंशाचा भारच नाही त्याच्याबाबतीत उतरवण्यासारखेही फारसे काही नसते.

यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते आणि ती लक्षात आली नाही तर आनुवंशिकतेचे सारे आकडे दिशाभूल करतात. ‘४० ते ७० टक्के’ हा वंशाचा वाटा निसर्गाने ठरवून दिलेला स्थिर आकडा नाही. तो ज्या समाजात आणि ज्या काळात मोजला, त्या समाजाचा आणि काळाचा आहे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील लोकांची माहिती अनेक दशके गोळा होत आहे. तिचे जन्मसालानुसार भाग पाडले असता असे दिसले की १९४२ पूर्वी जन्मलेल्यांत एफटीओचा वजनाशी फारसा संबंध दिसत नव्हता आणि त्यानंतर जन्मलेल्यांत तो ठळक झाला. एका पिढीत जनुके बदलत नाहीत. बदलले ते जेवण, काम आणि वाहन. वलगावसारख्या गावात आज एखाद्या घरातले सर्वच जण पोट सुटलेले दिसत असतील आणि त्यांचे पणजोबा काटकुळे असतील, तर ‘घराण्यात अंग आहे’ हे विधान खोटे ठरत नाही. पणजोबांमध्येही तो कल असू शकतो. वखरामागे चालताना त्याला प्रकट व्हायला वाव मिळाला नसेल, इतकेच.

हालचाल हे नेमके कसे साधते? नुसता कॅलरींचा खर्च हे उत्तर अपुरे आहे, कारण श्रम वाढले की भूकही वाढते. या संदर्भात भारतातच झालेले एक जुने काम पुन्हा वाचण्यासारखे आहे. ज्या वर्षी वलगावला गाडगेबाबांचे निर्वाण झाले त्याच १९५६ साली ज्याँ मेयर आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी कोलकात्याजवळील एका ताग गिरणीतील २१३ माणसांच्या आहाराचा आणि श्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाठी वाहणारे हमाल भरपूर खात आणि सडपातळ राहत, हे अपेक्षितच होते. हलकी कामे करणारे त्यांच्यापेक्षा कमी खात. पण त्याहूनही कमी श्रमाचे, म्हणजे गादीवर बसणारे दुकानदार आणि कारकून, त्यांच्यापेक्षा कमी खाण्याऐवजी उलट जास्त खात आणि त्यांचेच वजन सर्वाधिक होते. हालचाल एका मर्यादेच्या खाली गेली की भूक आणि गरज यांचा मेळ सुटतो, असे यातून सुचते. एफटीओसारखी जनुके जर मुख्यतः भुकेच्या आणि तृप्तीच्या वाटेनेच काम करीत असतील, तर बैठ्या माणसात ती अधिक बोलकी का होतात याचा एक सयुक्तिक खुलासा येथे मिळतो. त्याला अंतिम सिद्धांत म्हणता येणार नाही, पण गिरणीतल्या त्या कारकुनांत आणि आजच्या तालुक्याच्या गावातील दुकानदारांत फरक काढणे अवघड आहे.

येथवरचे बहुतेक पुरावे गोऱ्या लोकांचे आहेत, आणि मराठी शरीराची गोष्ट त्यांच्याहून बरीच निराळी आहे. ती समजली ती मुख्यत्वे पुण्यामुळे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. गर्भारपणापूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते; शेतीची आणि घरची कष्टाची कामे त्या गर्भारपणातही करीत होत्या. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. यात नवल नव्हते. नवल पुढच्या मापात होते. बाळाच्या पाठीवर खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत धरून तिची जाडी एका चिमट्यासारख्या उपकरणाने मोजतात. त्या घडीत प्रामुख्याने त्वचेखालची चरबी असते. पुण्याच्या बाळांचे पोट लहान, दंड बारीक, डोके लहान, म्हणजे यकृतादी अवयव आणि स्नायू यांत मोठी तूट. परंतु पाठीवरची ती घडी मात्र इंग्लिश बाळांच्या जवळपास पोहोचणारी. स्नायूने रोड आणि चरबीने सुदृढ असे हे बाळ २००३ मध्ये जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात ‘कृश पण मेदयुक्त भारतीय बाळ’ म्हणून नोंदले गेले.

पुढच्याच वर्षी डॉ. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सोबतच्या मजकुरात, युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक यांचा व्यायाम रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी गाठण्यापुरता आहे, अशा आशयाची मिश्कील कबुली होती. शिवाय याज्ञिक यांचे जन्मवजन कमी होते, याकडेही लक्ष वेधलेले होते. व्यायाम, वंश आणि मातेच्या उदरातील उपासमार हे तीनही संशयित एका छायाचित्रात एकत्र उभे राहिले. त्यांपैकी कुणाचा हात किती, हे त्या चित्रावरून ठरत नाही, आणि तसा दावाही लेखकद्वयाने केला नाही. वजनकाटा भारतीय माणसाला फसवतो, एवढे मात्र त्याने ठळकपणे दाखवले.

वऱ्हाडाच्या दृष्टीने या तिसऱ्या संशयिताला विसरून चालणार नाही. अमरावती जिल्ह्याच्याच उत्तरेला धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटचे तालुके कुपोषणासाठी दशकानुदशके बातम्यांत आहेत, आणि तेथून फार दूर नसलेल्या अमरावती शहरात मधुमेहाचे दवाखाने भरलेले असतात. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नसून एकीमागून दुसरी येणाऱ्या असू शकतात. आनंदवर्धन हर्डीकर यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांच्या ५० पिढ्या अर्धपोटी ठेवल्या गेल्या. त्यानंतर दोन पिढ्या पोटभर अन्न देऊनही त्यांच्यातील मेद आणि मधुमेहाकडचा कल मागे फिरला नाही. येथे जनुकाची अक्षरे बदललेली नसतात; कोणते जनुक किती वाचले जावे हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा बदललेल्या असतात. घराण्याकडून मिळतो त्या वारशात अक्षरांइतकाच या खुणांचाही समावेश करावा लागतो, आणि ज्या प्रदेशाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लागोपाठ भीषण दुष्काळ सोसले तेथे हा विचार निव्वळ पुस्तकी राहत नाही.

अक्षरांच्या बाबतीतही भारतीय नोंदी उपलब्ध आहेत. २००९ मध्ये याज्ञिक आणि हैदराबादचे गिरिराज चांडक यांच्या गटांनी पुण्याच्या रुग्णांत एफटीओ तपासले, तेव्हा युरोपात केवळ वजनाच्या वाटेने मधुमेहाकडे नेणारा हा पाठभेद येथे काही अंशी वजनाला बाजूला ठेवूनही मधुमेहाशी जोडलेला आढळला. एमसी४आर या भुकेशी निगडित जनुकाजवळील एक पाठभेद कंबरेच्या घेराशी जोडलेला असून तो युरोपीय लोकांपेक्षा भारतीय वंशाच्या लोकांत अधिक प्रमाणात आहे, हे लंडनमधील अभ्यासातून २००८ मध्ये पुढे आले. आणि प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळची गोष्ट चेन्नईची: तेथील सोळाशेहून अधिक लोकांच्या अभ्यासात, २०१६ मध्ये, एफटीओच्या धोक्याच्या प्रतीमुळे वाढणारा लठ्ठपणाचा धोका विशेषेकरून निष्क्रिय लोकांतच दिसला. आमिश शेतकऱ्याबाबत जे म्हटले गेले ते तमिळ शहरवासीयालाही लागू पडते, असा याचा अर्थ. मराठी खेड्यातील शेतमजुरावर असा अभ्यास व्हायला हवा. वेचणीचा हंगाम आणि रिकामा हंगाम यांतील फरक हा तर निसर्गाने मांडून ठेवलेला प्रयोगच आहे.

कोणता व्यायाम, हा यापुढचा प्रश्न, आणि त्यावर अमरावतीला बोलण्याचा खास अधिकार आहे. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ याच शहरातले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवायला याच मंडळाचे पथक गेले होते. दंड, बैठका, मल्लखांब, लेझीम आणि कबड्डी या परंपरेकडे आजच्या ज्ञानाच्या उजेडात पाहिले, तर तिचे मर्म स्नायू घडवण्यात आहे असे दिसते, आणि ज्या शरीराची जन्मजात तूट स्नायूंचीच आहे त्याला नेमके तेच हवे असते. रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. म्हणून वजन एक किलोनेही न घटता केवळ स्नायू वाढले तरी भारतीय शरीराला ते लाभाचे ठरते. या परंपरेची मर्यादा एवढीच की आखाड्यात येतात ती मुले आणि तरुण, आणि पोट सुटते ते चाळिशीच्या गृहस्थाचे; त्याच्यासाठी आणि विशेषतः त्याच्या बायकोसाठी गावात व्यायामाची प्रतिष्ठित अशी जागा नाही. शेतातून सुटलेल्या, पण रस्त्याने विनाकारण चाललेल्या बाईकडे गाव अजून वळून पाहते.

तैवानमधील १८ हजारांहून अधिक प्रौढांच्या २०१९ मधील अभ्यासात निरनिराळे व्यायामप्रकार वेगवेगळे तपासले गेले. लठ्ठपणाचा आनुवंशिक भार कमी करण्यात नियमित संथ धावणे अव्वल ठरले. डोंगर चढणे, चालणे, झपझप चालणे, काही नृत्यप्रकार आणि दीर्घ योगाभ्यास यांचाही उपयोग दिसला, मात्र सायकल आणि पोहणे यांचा दिसला नाही. अमरावतीच्या मालटेकडीवर सकाळी धापा टाकत चढणाऱ्यांनी यावरून समाधान मानायला हरकत नाही; सायकलवाल्यांनी लगेच सायकल विकू नये, कारण असे अभ्यास लोक स्वतःहून काय करतात तेवढेच नोंदवतात आणि बुशार यांच्या जुळ्यांनी वजन उतरवले होते ते सायकलीवरच. शिवाय व्यायामाला शरीर किती दाद देते हेही पुन्हा वंशावरच काही अंशी ठरते: हेरिटेज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात ९८ कुटुंबांतील ४८१ बैठ्या लोकांना २० आठवडे सारखाच व्यायाम दिला असता दमसास कुणाचा भरपूर वाढला, कुणाचा जवळजवळ नाहीच, आणि या फरकाचा जवळपास निम्मा भाग आनुवंशिक निघाला. तालमीत एकाला लवकर कस येतो आणि दुसरा वर्षभर घाम गाळूनही तसाच राहतो, हे वस्तादांना नेहमीच ठाऊक होते. ते दुसऱ्याला आळशी म्हणत, एवढाच दोष.

या सर्व ज्ञानाचा बाजार होणे अपरिहार्य होते, आणि आता लाळेच्या नमुन्यावरून जनुके वाचून ‘तुमच्या जनुकांना साजेसा’ आहार व व्यायाम सांगणाऱ्या चाचण्या हजारो रुपयांना विकल्या जातात. त्यांविषयी फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. २०१८ पर्यंत बीएमआयशी जोडलेली नऊशेहून अधिक ठिकाणे सापडली होती आणि ती सर्व मिळून माणसामाणसांतील फरकाचा जेमतेम सहा टक्के भाग समजावून देत होती, तेही युरोपीय वंशाच्या लोकांत. त्यानंतर लाखो पाठभेद एकत्र करून काढलेले गुणांक अधिक बोलके झाले आहेत हे खरे, परंतु त्यांचा पायाही बहुतांशी तोच आहे. आई-वडील, काका-मामा, आत्या-मावशी यांच्याकडे एकदा नीट पाहिले तर वंशाची जी माहिती फुकट मिळते तिच्यापुढे अशी विकतची माहिती सध्या तरी फारशी जात नाही.

गंमत अशी की सरकारी यंत्रणेकडे याच माहितीचा एक साधा तक्ता आधीच आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकाची एक तपासणीसूची आशा सेविका घरोघरी जाऊन भरते. तीत वय, तंबाखू आणि दारू यांच्याबरोबर तीन प्रश्न असे आहेत: कंबरेचा घेर किती, आठवड्याला किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते काय, आणि घराण्यात कुणाला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे काय. पुरुषाचा घेर ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की गुण पडू लागतात. हालचाल कमी असेल तर एक गुण, घराण्यात आजार असेल तर दोन. आणि एकूण बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी प्राधान्याने पाठवायचे. वजनकाट्याऐवजी फीत वापरणारी ही पद्धत ‘कृश पण मेदयुक्त’ शरीराला नेमकी साजेशी आहे. तिच्यात उणीव आहे ती बेरजेची: घराण्याचे दोन आणि बैठेपणाचा एक हे गुण तेथे एकमेकांना न ओळखणाऱ्यांसारखे शेजारी बसवले जातात, तर वर पाहिलेले सारे पुरावे सांगतात की बैठेपणा घराण्याचा भार वाढवतो आणि हालचाल तो उतरवते. दुसरी अडचण आशा सेविकेला प्रत्यक्ष दारात येते. तोच प्रश्न कार्तिकात वेचणीच्या वेळी विचारला तर मजूर बाईची १५० मिनिटे पहिल्याच सकाळी भरतात. चैत्रात, पऱ्हाटी उपटून शेत मोकळे झाल्यावर विचारला तर उत्तर निराळे येते, आणि सूचीत रकाना एकच आहे.